पैशापुरती सेबुआनो

दादा, काल तुझी शोकसभा झाली. अ‍ॅशबर्नच्या कम्युनिटी सेंटरमधला तो हॉल, जो भाडं जास्त आहे म्हणून तू वहिनी गेली तेव्हा घेऊ दिला नव्हतास, तोच तुझ्या लेकाने, निखिलने, तुझ्यासाठी घेतला. तुझा मोठा फोटो, पांढरी फुलं, मागच्या टेबलावर समोसे आणि चहा, त्याच्या क्युपर्टिनोच्या मित्रांसाठी झूम. आणि भाषणं. भाषणांशिवाय मराठी माणूस मरत नाही.

मंडळाचे माजी अध्यक्ष बोलायला उठले. वहिनी आजारी असताना जे एकदाही तुझ्या घराची पायरी चढले नाहीत, तेच. म्हणाले, "ज्या वयात लोक हाती जपमाळ घेतात, त्या वयात, मोडलेल्या खुब्यानिशी, हा माणूस सेबुआनो शिकला! फिलिपिन्सच्या आपल्या केअरगिव्हरची भाषा! केवढी ही ज्ञानाची ओढ! केवढं हे माणूसपण!" लोकांनी माना डोलावल्या. एका काकूंनी पदराने डोळे टिपले. मग निखिल उठला आणि इंग्रजीत म्हणाला की डॅड वॉज अ लाइफलाँग लर्नर. झूमवर कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं.

ज्ञानाची ओढ म्हणे! डोंबलाची ओढ.

लॉर्ना, तीच केअरगिव्हर, माझ्या शेजारी बसली होती. मराठी भाषणातलं तिला एवढंच कळलं की मध्ये कुणीतरी 'सेबुआनो' म्हणालं. तिने वाकून विचारलं, "मॅम, काय म्हणाले ते?"

"म्हणाले, सरांनी तुझी भाषा शिकून घेतली."

ती तुझ्या फोटोकडे वळली. मग म्हणाली, "ओन्ली द मनी पार्ट, मॅम."

तासाभराच्या त्या कार्यक्रमात खरं बोललेलं तेवढंच.

मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. तू हा नियम कधी पाळला नाहीस. बापूकाकांच्या तेराव्याला पंगतीत बसून तू त्यांच्या उधाऱ्या मोजल्या होत्यास, आणि वर गुरुजींशी दक्षिणेवरून घासाघीस केली होतीस. मग मी तरी का पाळू? शिवाय आपलं बोलणं बंद होतं. तू गेलास तेव्हाही बंदच होतं. अबोला धरलेल्या माणसाशी गोड बोलायची माझ्यावर सक्ती नाही. तू भाऊ म्हणून कसा होतास ते मला चांगलं माहीत आहे, आणि मला आज भांडायचं आहे. तू उत्तर देणार नाहीस, हा तुझा नेहमीचाच कावा.

तुझा खुबा मोडला तोसुद्धा तुझ्या स्वभावाने मोडला. ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायला शेजारचा पोरगा जे मागत होता ते तुला जास्त वाटलं, म्हणून फावडं घेऊन तू स्वतः उतरलास. मग ऑपरेशन, मग पाठोपाठ हृदयाची तक्रार, मग वॉकर. निखिल क्युपर्टिनोहून आला, आठवडाभर लॅपटॉप उघडा ठेवून तुझी सेवा केली, लॉर्नाला कामावर ठेवलं आणि परत गेला. लॉर्ना सेबू बेटावरची. पन्नाशीची, बुटकी, भरभर चालणारी, सदा काहीतरी गुणगुणणारी. ती काही देवीचा अवतार नव्हती. तुझ्या टीव्हीवर स्वतःच्या मालिका लावायची, सुकी मासळी तळून तुझ्या त्या गालिचेवाल्या घरात वास भरून ठेवायची, आणि तू ओरडलास की तुझ्याहून मोठ्याने ओरडायची. मला ती पहिल्या भेटीतच आवडली.

आणि मग एक दिवस तू फोनवर म्हणालास, "मी तिची भाषा शिकून राहिलो."

इतकी वर्षं अमेरिकेत राहूनही तुझं नागपुरी बोलणं गेलं नव्हतं. मला खरंच आनंद झाला. म्हटलं, दादा बदलला. विचारलं, "काय काय शिकलास? नमस्कार? आभार?"

"ते कशाला? पैसे आणि आकडे. बाकी सगळा फापटपसारा." मग तू मला पाठ म्हणून दाखवलंस. क्वार्ता म्हणजे पैसे. बायाद म्हणजे पैसे देणं. उतांग म्हणजे उधारी. सुक्ली म्हणजे परत आलेले सुटे. माहाल म्हणजे महाग. पिला म्हणजे किती.

"पण पैसेच का रे?"

"घरात परकी बाई आहे. फोनवर काय बोलते ते कळायला नको आपल्याला?"

मी तेव्हा 'शी' म्हटलं होतं. ते मी अजून मागे घेतलेलं नाही.

तिला बिचारीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला वाटलं, म्हातारा आपल्यासाठी शिकतोय. फिजिओथेरपीवाली पाय उचलायला सांगायची आणि तू उसा, दुहा, तुलो, उपात, लिमा करत उचलायचास, लहानपणी पाढे म्हणायचास तसाच, डोळे मिटून, डुलत. एखादा आकडा चुकला की लॉर्ना स्वयंपाकघरातून ओरडून दुरुस्त करायची. तिनेच तुला शिकवलं की अंडी मोजायची, माणसं मोजायची, तर हे त्यांचे जुने आकडे. आणि पैसे द्यायचे-घ्यायचे असले की स्पॅनिश लोक मागे ठेवून गेलेले आकडे: सिंको, दियेस, बाइन्ते, म्हणजे पाच, दहा, वीस. बाजारात सगळे तसंच बोलतात म्हणाली. मग ती अंड्यांचा ट्रे घेऊन यायची आणि तुमचं दुकान-दुकान चालायचं.

त्याचा एक व्हिडिओ तिने मला पाठवला होता. तू रिक्लायनरमध्ये बसलेला, मांडीवर शाल. ती एक अंडं वर धरून विचारते, "पिला?" तू दुकानदार, तू ऐटीत म्हणतोस, "सिंको!" ती छातीवर हात ठेवून किंचाळते, "माहाल! माहाल!" आणि दोघं हसता. तू इतका हसतोस की शाल खाली पडते आणि ती उचलून परत तुझ्या मांडीवर घालते. तुझे सगळे फोटो मी बघू शकते, दादा, हा व्हिडिओ बघू शकत नाही. ते हसू खरं होतं की तेही हेरगिरीपुरतं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझी चीड कशाची आहे सांगू? तुला हे कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नसतं कळलं तर चाललं असतं.

मी तुझ्या स्पॉन्सरशिपवर या देशात आले तेव्हा दुसऱ्याच सकाळी तू काचेची बरणी स्वयंपाकघराच्या टेबलावर उपडी केलीस. नाणीच नाणी. तू एकेक उचलून दाखवलंस. हे निकेल, आकाराने मोठं पण पाचच सेंट. हे डाइम, एवढंसं पण दहा. "दिसण्यावर जाऊ नको," म्हणालास. मग मला दुकानात नेलंस, दूध घ्यायला सांगितलंस आणि स्वतः लांब मासिकांपाशी जाऊन उभा राहिलास, मला लाज वाटू नये म्हणून. माझ्यामागे रांग लागली होती. कॅशियर बाई वैतागली होती. माझ्या हातातली नाणी काउंटरवर सांडली, आणि मी मागे वळून बघितलं तर तू मासिकात तोंड खुपसलेलं, पण पानं उलटत नव्हतास. तू पुढे आला नाहीस, तसाच निघूनही गेला नाहीस. दूध घेऊन बाहेर आले तेव्हा तू आधी माझ्याकडून सुटे मागून मोजून घेतलेस, अर्थातच. मग म्हणालास, "चल, आता तू कुठेही अडत नाहीस."

आणि खरंच मी कुठे अडले नाही. आयसेलिनला संसार थाटला, नवरा गेल्यावर एकटीने निभावला, ते त्या सकाळच्या जोरावर. त्याबद्दल मी तुला कधी थँक्यू म्हटलं नाही. आपल्यात भावाला थँक्यू म्हणायची पद्धत नाही. आज म्हणते. तू मला पैशाचे शब्द शिकवलेस तेव्हा तू मला हा देश शिकवलास. म्हणूनच म्हणते, लॉर्ना तुला काय देत होती ते तुला कळायला हवं होतं. तिने तुला तिचा बाजार दिला, तिची अंडी दिली, आणि तू ते शब्द धार लावून तिच्यावरच चालवलेस.

रविवारी दुपारी तुला जेवायला घालून ती मागच्या डेकच्या पायरीवर बसून फोन करायची. आणि तू, ज्याला बाथरूम लांब पडत होतं, तो तू खिडकीपर्यंत चालत जायचास. वॉकरचा आवाज होऊ नये म्हणून त्याच्या पायांना टेनिस बॉल लावून घेतलेस. कुणाकडून? तिच्याकडूनच! हेरगिरीतही मजुरी वाचवलीस.

मग मला बातमीपत्र. "अगं, ती फक्त पैशाचंच बोलून राहिली. क्वार्ता, बायाद, उतांग. बायकांची नावं, आणि पुढे दोनशे, दोनशे, दोनशे. आणि मधेमधे 'सर'. सर म्हणजे मीच ना? नक्की काहीतरी शिजून राहिलं. आणि शेवटी दर वेळी सिगे, सिगे म्हणते. हा कुठला आकडा, ते सापडूनच नाही राहिलं."

मी म्हटलं, "दादा, तुला पैशाचेच शब्द येतात, तर तुला पैसेच ऐकू येणार. ती मधे आईच्या दुखण्याचं बोलली असेल, पोरीच्या परीक्षेचं बोलली असेल, ते तुला कसं कळणार?"

"मधलं काय असतं? मधलं सगळं पैशासाठीच असतं."

हे तुझं तत्त्वज्ञान. नोकरीतली सगळी वर्षं डेटा सेंटर सांभाळून हाती लागलेलं. माजी अध्यक्षांना हे सांगायला हवं होतं, त्यांचं भाषण आटोपशीर झालं असतं.

पुढच्याच आठवड्यात तू तिला काढलंस. कसं काढलंस तेही तूच मला फोन करून सांगितलंस, शेखी मिरवत. "पकडलं!" म्हणालास. लॅपटॉपवर निखिलला साक्षीदार म्हणून बसवलंस, तिला समोर उभं केलंस आणि तिच्याच भाषेत विचारलंस, "पिला?"

तिला वाटलं, खेळ सुरू झाला. ती हसून म्हणाली, "सिंको, सर!"

तू ओरडलास. म्हणालास, माझ्या पैशातले किती उचललेस ते विचारतोय. निखिल म्हणाला, "डॅड, लेट्स ऑल काम डाउन," आणि तेवढं बोलून त्याची दुसरी मीटिंग सुरू झाली. लॉर्नाने बॅग भरली आणि ती गेली. एरवी तुझ्याहून मोठ्याने ओरडणारी ती बाई त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. हे तू मला पुरावा म्हणून सांगितलंस. "खरी असती तर भांडली असती," म्हणालास. मला तेव्हा फोनमधून हात घालून तुझ्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

मी गाडी काढली आणि आयसेलिनहून निघाले, पण आधी तुझ्याकडे आले नाही. निखिलकडून तिचा नंबर घेऊन तिच्याकडे गेले. एका मैत्रिणीच्या अपार्टमेंटमध्ये ती सोफ्यावर झोपत होती. तिथे तिच्यासारख्याच आणखी दोघीतिघी होत्या, कुणी म्हातारे सांभाळणारी, कुणी बाळं. मी विचारलं, तू फोनवर ते पैशांचं काय बोलायचीस? तिने सरळ सांगितलं. दर महिन्याला प्रत्येकीने दोनशे डॉलर काढायचे. सगळे मिळून एकीला द्यायचे. पुढच्या महिन्यात दुसरीला. असं सगळ्यांची पाळी येईपर्यंत. त्याला पालुवागान म्हणतात.

मी हसायलाच लागले. "अगं, ही तर भिशी!"

त्यांना भिशी काय ते सांगितलं. माझी ओक ट्री रोडवरच्या बायकांबरोबर गेली कित्येक वर्षं चालू आहे तेही सांगितलं. त्या टाळ्या वाजवायला लागल्या. मग मी विचारलं, "आणि त्यात 'सर' कुठून आला?" लॉर्ना म्हणाली, या महिन्यात तिची पाळी होती. ते पैसे घेऊन ती घरी जाणार होती. पण सरांना एकटं कसं ठेवायचं, म्हणून तिने पाळी दुसरीला दिली. वर खांदे उडवून म्हणाली, "शिवाय डिसेंबरचं तिकीट माहाल असतं, मॅम. इतकी काही मी संत नाही."

तिथून मी तुझ्याकडे आले. येताना आणलेली वांगी चिरली, मसाला भरला, शेगडीवर ठेवली आणि तुला सगळं सांगितलं. मला वाटलं, 'भिशी' म्हटल्यावर तू कपाळाला हात लावशील. कारण दादा, आईच्या भिशीच्या चिठ्ठ्या तूच काढायचास! धंतोलीच्या आपल्या घराच्या त्या पुढच्या खोलीत सतरंजीवर बायका बसायच्या, चहा-चिवडा व्हायचा, आणि शेवटी आई तुला हाक मारायची. तू डोळे मिटून स्टीलच्या डब्यात हात घालायचास आणि सगळ्या बायका श्वास रोखून तुझ्या मुठीकडे बघायच्या. मला किती हेवा वाटायचा तुझा. आणि ज्या महिन्यात तुझी इंजिनिअरिंगची फी भरायची होती, त्या महिन्यात तुला चिठ्ठी काढूच दिली नाही. भिशी समोरच्या लक्ष्मीअक्कांनी आधीच मागून ठेवली होती, पण त्या म्हणाल्या, यंदा पोराच्या आईला द्या, मी मग घेईन. त्या दक्षिणेकडच्या, मराठी त्यांना भाजी घेण्यापुरतंच यायचं, एवढं वाक्य त्यांनी हातवारे करून पुरं केलं होतं. त्या फीवर तू शिकलास. त्या शिक्षणावर तू इथे आलास. तुझ्या मागून मी आले.

हे सगळं मी तुला बोलून दाखवलं. तू वॉकरच्या दांड्यावर बोट घासत ऐकत होतास. आणि मग म्हणालास, "आईची भिशी वेगळी. ती आपल्या माणसांची होती."

आपली माणसं! लक्ष्मीअक्का आपल्या, कारण त्यांचे पैसे तुझ्या फीला लागले. लॉर्ना परकी, कारण ती तुझा पाय चोळते. ज्यांच्याकडून घ्यायचं ते आपले आणि ज्यांना द्यायचं ते परके, अशी सोपी विभागणी केली होतीस तू माणसांची.

मी म्हटलं, "तिला फोन कर आणि माफी माग."

"कामवालीची माफी? मी?"

"हो. तू."

"निखिल करेल फोन. थोडे जास्त पैसे पाठवेल."

"निखिल नाही. तू. आणि दादा, ऐक, आधी तिला फोन करायचा. तिला केल्याशिवाय मला करायचा नाही."

"नाही करणार."

"मग बस एकटा."

वांगी शेगडीवरच ठेवून मी निघाले. ती तू खाल्ली असणार याबद्दल मला शंका नाही. अन्न टाकणारा तू नव्हेस.

त्यानंतर अबोला. निखिलकडून कळायचं. नवीन माणसं यायची आणि टिकायची नाहीत. एकीच्या चहातलं दूध तू मोजलंस. एकाला स्वतःचा फोन तुझ्या विजेवर चार्ज करू नको म्हणालास. मी सगळं ऐकून घेत होते आणि म्हणत होते, बरं झालं. अजूनही म्हणते. मग एक दिवस निखिल म्हणाला, "आत्या, गुड न्यूज, लॉर्ना इज बॅक." मी समजले की पोराने मध्यस्थी केली, पैसे टाकले आणि बापाची मान ताठ ठेवली. विचारलंसुद्धा नाही. कशाला विचारायचं? तुझा फोन आला नव्हता, म्हणजे तू माफी मागितलेली नव्हतीस. मी माझ्या अटीवर, तू तुझ्या. असं करता करता एका सकाळी निखिलचा फोन आला आणि तो मराठीत बोलला. त्याने "आत्या, बाबा" एवढंच म्हटलं, तरी मला कळलं.

काल कार्यक्रम संपल्यावर माजी अध्यक्ष उरलेले समोसे बांधून घेत होते. मी पार्किंगमध्ये आले. लॉर्नाने तिच्या गाडीतून माझ्यासाठी शेवयांचा फॉइलचा ट्रे काढला. त्यांच्यातही मयताच्या घरच्यांना उपाशी ठेवत नाहीत. ट्रे हातात देता देता ती म्हणाली, "मॅम, मी परत कशी आले ते तुम्हाला माहीत आहे?"

"निखिलने बोलावलं ना?"

"नो, मॅम. सरांनी."

तुझा नंबर बघून तिने आधी फोन वाजू दिला. मग उचलला. पलीकडून नुसता श्वास. तिला वाटलं, पडलाबिडलास की काय. आणि मग तू म्हणालास, "पिला?"

तोच शब्द. ज्याने तिला चोर ठरवलंस तोच. लॉर्ना म्हणाली, "मॅम, मला इतका राग आला. म्हटलं, हा माणूस माझी किंमत विचारतोय." तिने वेड्यासारखा आकडा सांगितला. आधीच्या पगाराच्या जवळजवळ दुप्पट. तिला यायचंच नव्हतं. कोथिंबिरीच्या जुडीवर दुकानदाराशी भांडणारा माणूस, हा आता टू मच, टू मच करणार, मग आपण त्याला न शिकवलेले चार शब्द ऐकवायचे आणि फोन आपटायचा, असा तिचा बेत होता. तोंडाशी तयार होते म्हणे ते शब्द.

तू तो आकडा स्वतःशी एकदा पुटपुटलास. आणि मग म्हणालास, "सिगे."

"म्हणजे?" मी विचारलं. तुला न सापडलेला तो आकडा मी विसरले नव्हते.

"आकडा नाही, मॅम. सिगे म्हणजे ठीक आहे. हो. चालेल." ती ट्रेवरचा फॉइल दाबून बसवत होती. "मी तो कधी शिकवला नाही सरांना. मी फोन ठेवताना म्हणते, तो ऐकला असणार त्यांनी."

मी तिथेच गाडीला टेकून उभी राहिले. दादा, तू गाडी घेताना शोरूममध्ये सकाळपासून बंद होईपर्यंत बसला होतास, पायपुसणी फुकट मिळेपर्यंत. बापूकाकांच्या गुरुजींना सोडलं नाहीस. वहिनीच्या हॉलवाल्याला सोडलं नाहीस. जन्मात कुणाचा पहिला भाव तू मान्य केला नाहीस. आणि तिचा केलास, तोही मुद्दाम फुगवून सांगितलेला. तो फुगवलेला होता हे तुला कळलं नसेल असं मी मानत नाही.

"परत आल्यावर सॉरी म्हणाला का?" मी विचारलं.

"नो, मॅम. पालुवागानवर व्याज किती मिळतं ते विचारलं. मिळत नाही म्हटलं, तर म्हणाले, मग काय उपयोग."

आम्ही दोघी तिथे हसलो. लोक बघत होते. हसता हसता मला रडू आलं, आणि मी तुझ्यावर आणखीच चिडले. माफी नाहीच मागितलीस ना शेवटी? दोन साधे शब्द. पाढे येत होते, बाजार येत होता, आणि हे दोन शब्द फापटपसारा वाटले तुला. त्याची जागा भरायला तुला दुप्पट पगार मोजावा लागला. मी हे थोर वगैरे म्हणणार नाही. माजी अध्यक्षांना कळलं तर ते म्हणतील.

पण दादा, घासाघीस केली नाहीस. एवढं मी ऐकून घेतलं.

लॉर्ना गाडीत बसली आणि काच खाली करून म्हणाली, "एक विचारू, मॅम? सर दर रविवारी जेवण झालं की फोन मांडीवर ठेवून बसायचे. मला विचारायचे, मॅमचा फोन आला होता का. मी म्हणायची, तुम्ही करा ना. तर म्हणायचे, शी इज एक्स्पेन्सिव्ह. मला तो जोक कळला नाही."

मला कळला. मूर्ख माणसा. माझी अट तू पुरी केली होतीस. आधी तिला केला होतास. माझा फोन नंबर बदललेला नव्हता. तुला वाटलं असेल, हिने लॉर्नाहून मोठा आकडा तयार ठेवला असेल, सगळं बोलून घेईल, आईपासून वहिनीपर्यंत सगळं काढेल आणि आपल्याला परवडणार नाही. बरोबर आहे, काढलं असतं. पण आधी विचारायचंस तरी. एकदा फोन लावून माझ्या कानात नुसतं 'पिला?' म्हणायचंस.

फुकट आले असते रे मी.